अठ्ठेचाळीस नळ्यांचे शुद्धलेखन

४ मार्च

प्रिय मावशी,

तुला नमस्कार, आणि काकांना त्यांच्या भट्टीसकट नमस्कार.

फोनवर मी नुसता हं-हं करतो, अशी तुझी तक्रार असते. ती खरी आहे. बोलताना शब्द खोडता येत नाहीत, म्हणून पत्र लिहीत आहे.

प्रयोगशाळेत मला आता चार महिने झाले. काचेची भांडी धुणे, यीस्टचे खाद्य शिजवणे, ते प्लेटांत ओतणे आणि प्रत्येक प्लेटवर लेबल लावणे, ही माझी कामे. यीस्ट म्हणजे तेच, जे तू बेकरीत मूठभर घेऊन पिठात टाकतेस. फरक इतकाच, की त्या मुठीतल्या एकेकाला आमच्या बाई नावानिशी ओळखतात. बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख.

माझा सहा महिन्यांचा उमेदवारीचा काळ ३० एप्रिलला संपतो. बाईंनी शिफारस केली तर मी कायम होईन. नाही केली तर तुझ्याकडे परत. खरे सांगू का? मला इथे राहायचे आहे. नववीत शाळा सुटल्यापासून मी लिहिलेले कोणी वाचत नव्हते. इथे माझे लेबल वाचल्याशिवाय कोणी प्लेटला हात लावत नाही.

इथे दर दीड तासाला मुलगी होते. आई ठणठणीत राहते आणि लगेच दुसरीची तयारी सुरू करते. काही मुली मात्र आईला सोडतच नाहीत. दोघी पाठीला पाठ लावून डमरूसारख्या अडकून राहतात. बाई तीन वर्षे त्यांच्याच मागे आहेत.

तुझ्या मागच्या चिठ्ठीतल्या चुकांची यादी सोबत जोडली आहे. एकूण अकरा.

तुझा


१० मार्च

अरे पंतोजी,

तुझ्या पत्राचं पहिलं पान पिठाच्या परातीत पडलं, म्हणून मी दुसरं आधी वाचलं. "इथे दर दीड तासाला मुलगी होते" म्हणे! मी मटकन खुर्चीत. काका विचारतात काय झालं, मी म्हटलं, "पोरगं भलत्याच घरात राहायला गेलंय." मग तुझ्या त्या बाई तीन वर्षं मुलींच्या मागे आहेत, हे वाचून मला वाटलं, लग्नं जमवतात की काय. म्हटलं, यालाही एखादी बघा.

परातीतून पहिलं पान काढलं तेव्हा कळलं, यीस्टच्या लेकीबाळी आहेत. जीव भांड्यात पडला आणि थोडा हिरमोडही झाला.

तुझी पीठ मळायची जागा मी मोकळी ठेवलीय. एक मेपर्यंत ठेवीन. नाही जमलं तर मान खाली घालून यायचं नाही, ताठ यायचं. मागच्या दारानं ये पण, पुढे गिऱ्हाइकं असतात.

अकरा चुका वाचल्या. हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंकडून तपासून घेतलंय. यात सापडली तर त्यांना धर.

मावशी

ता. क. काका म्हणतात, "हं."


१८ मार्च

प्रिय मावशी,

पत्रात एकही चूक नाही. मास्तरीणबाईंना नमस्कार सांग.

त्या डमरूची गोष्ट पूर्ण सांगतो, कारण ती मला आता समजली आहे. बाई तीन आठवडे बाहेरगावी व्याख्यानांना गेल्या आहेत, पण जाण्यापूर्वी त्यांनी मला फळ्यावर काढून दाखवली.

पेशीत काम सुरू करायचे असले की काही प्रथिने दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण चिकटवतात. खूण लागली की तो गडी कामाला लागतो. पण मुलगी वेगळी व्हायची तर त्या खुणा पुन्हा काढाव्याही लागतात. खूण काढणाऱ्या प्रथिनाला फॉस्फटेज म्हणतात. (मराठीत 'फ' लिहायचा की 'फे', असे बाईंना विचारले. म्हणाल्या, "कसंही लिही." मला असली उत्तरे पचत नाहीत.) बाईंचा जो फॉस्फटेज आहे तो एरवी आतल्या खोलीत कोंडलेला असतो. अगदी शेवटी दार उघडते, तो बाहेर येतो, भराभर खुणा काढतो आणि आई-मुलगी सुटतात. काही यीस्टमध्ये तो जन्मतःच बिघडलेला आहे. गारव्यात तो कसेबसे निभावतो. उबेत मात्र त्याचे हातपाय गळतात आणि दोघी अडकून राहतात. सगळे जग खुणा चिकटवणाऱ्यांचे कौतुक करते, बाई काढणाऱ्याचे करतात.

आता माझी बातमी. डीप फ्रीझरमध्ये एक खोके आहे, त्यात अठ्ठेचाळीस नळ्या. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने भरलेल्या. सगळ्यांवर एकच नाव, त्याच फॉस्फटेजचे, सीडीसी-चौदा, इंग्रजीत. पण काय तो गलथानपणा! कुठे तीनही अक्षरे कॅपिटल, कुठे तीनही स्मॉल. शेजारीशेजारी! मी रोज ते खोके बघायचो आणि दात आंबल्यासारखे व्हायचे. सोमवारी बसलो. एकेक नळी बर्फात धरून जुने लेबल काढले, नवे लावले. आता अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कॅपिटल, एका रेषेत. बाई आल्या की बघतील. मी काही बोलणार नाही. त्यांनी आपणहून बघावे.

तुझा


२३ मार्च

पंतोजी,

काढणाऱ्याचं कौतुक करणाऱ्या तुझ्या बाई मला आवडल्या. इथे तेच आहे. मळायला दोन दिवसांत कोणीही शिकतं, थांबायचं कधी हे कळायला दोन वर्षं जातात. त्या दोन वर्षांत माझे दोन नोकर पळाले.

बाकी वाचलं आणि मला तो केक आठवला. तो पोरगा चिठ्ठीवर लिहून घेऊन आला होता, "आज्जीला". तू क्रीमनं काढलंस "आजीला", कारण दोन ज चूक. पोरगा केक बघून भोकाड पसरून रडला. "ही आमची आज्जी नाहीये!" तू त्याला शब्दकोश दाखवायला निघालास. शेवटी काकांनी क्रीमचा एक ज वाढवला तेव्हा कुठे ते घर शांत झालं.

म्हणून विचारते. ती लेबलं बदलण्याआधी कुणाला विचारलंस का रे?

मावशी

ता. क. काका म्हणतात, त्यांचा ज तुझ्यापेक्षा चांगला होता.


२८ मार्च

प्रिय मावशी,

पत्र मिळाले. इथे सर्व काही ठिक आहे. काम चालू आहे. हवा बरी आहे. जास्त लिहीत नाही.

तुझा


३१ मार्च

अरे,

तुझं पत्र मी मास्तरीणबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "याला ताप आहे का?"

'ठीक'ची वेलांटी तू आखूड दिलीस. तू! सातवीत असताना माझ्या दुकानाच्या पाटीवरची वेलांटी पुसायला शिडी चढलेला तू! घरात माणूस गेलं तरी तुझी वेलांटी चुकायची नाही. सर्व काही ठीक नाही. हवेचं मला काही सांगू नकोस, हवा इथेही आहे.

काय केलंस, ते लिही. उलट टपाली. चुका असल्या तरी चालतील.

मावशी


४ एप्रिल

प्रिय मावशी,

सांगतो.

तो गलथानपणा नव्हता. ती त्यांची भाषा आहे. यीस्टच्या लोकांत नाव कॅपिटल अक्षरांत लिहिले की तो भाग धडधाकट, आणि स्मॉल अक्षरांत लिहिले की बिघडलेला. बस, एवढाच फरक. नळीवर दुसरे काहीही लिहिलेले नसते. मी अठ्ठेचाळीस नळ्यांवर एका दुपारी शुद्धलेखन केले आणि सगळे आजारी कागदोपत्री बरे केले.

मला कळले ते असे. इथल्या चष्मेवाल्या ताई त्या खोक्यातली एक स्मॉलवाली नळी मागायला आल्या. मी म्हणालो, "ताई, आता स्मॉल काही उरलं नाही, सगळं नीट केलंय." त्या हसल्या. त्यांना वाटले, मी विनोद केला. मग त्यांनी दुसऱ्या खोक्यातून घेतली आणि जाता जाता मला तो नियम सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा, प्रेमाने. मी मान डोलावली. नंतर अर्धा तास मी धुतलेलीच भांडी धूत होतो.

जुनी लेबले कचऱ्याबरोबर जंतू मारायच्या वाफेत गेली. त्या विद्यार्थ्याच्या वहीत फक्त एक ओळ आहे: "चोवीस चांगल्या, चोवीस बिघडलेल्या." कोणती कुठे, ते त्याने फक्त लेबलांवर ठेवले होते. काही नळ्या मला आठवतात, सगळ्या नाही.

बाई नऊ तारखेला येतात. येताच त्या याच खोक्यातून मोठा प्रयोग मांडणार आहेत. मी गप्प बसलो तर चांगल्या आणि बिघडलेल्या एकत्र जातील, उत्तरे वेडीवाकडी येतील आणि त्यांना वाटेल, आपलाच तीन वर्षांचा विचार चुकला. बोललो तर शिफारस संपली. तारीख बघ. तीस एप्रिलला किती दिवस उरले ते मी रोज मोजतो, जणू मोजल्याने वाढतील.

या पत्रात चूक नाही. तीनदा वाचले.

तुझा


७ एप्रिल

बाळा,

हे पत्र मास्तरीणबाईंना दाखवलेलं नाही. घाईत आहे. चुका मोजू नकोस.

बाईंना सांग. त्या पायरीवर असतानाच सांग, त्यांनी पर्स खाली ठेवायच्या आत. शिळी बातमी शिळ्या पावासारखी असते, दर दिवसाला जास्त टणक होते आणि शेवटी चावणाऱ्याचाच दात पडतो.

आणि एक. जुनं यीस्ट जिवंत आहे की मेलं, हे मला डब्यावरच्या नावावरून कधीच कळलेलं नाही. दुकानदार काय वाट्टेल ते लिहितो. मी चिमूटभर कोमट पाण्यात टाकते आणि बाजूला बसते. जे खरं आहे ते फेसाळतं. तुझ्या नळ्यांना तोंड आहे की नाही? नावं पुसली गेली तर त्यांनाच विचार.

मावशी

ता. क. काका म्हणतात, "सांग." एवढंच म्हणाले, पण भट्टीचं दार बंद करून म्हणाले.


१९ एप्रिल

प्रिय मावशी,

सांगितले. पायरीवर नाही, लिफ्टमध्ये. दार बंद झाले आणि मी सुरू झालो. तिसरा मजला आला तरी मी विसाव्या नळीपर्यंतच पोहोचलो होतो. बाईंनी बटण दाबून लिफ्ट पुन्हा खाली नेली. वर येईपर्यंत सगळे सांगून झाले.

बाईंनी पर्स खाली ठेवली. मग विचारले, "का बदललीस?"

"चुकीचं दिसत होतं, बाई."

"कुणाला?"

"मला."

"आणि मला विचारावंसं वाटलं नाही?"

"तुम्हाला न सांगता बरं दिसावं, असं वाटलं."

त्यांनी कपाळावर हात मारला. जोरात नाही. मग मी तुझे वाक्य म्हटले, की नावे पुसली गेली तर त्यांनाच विचारू. बिघडलेल्या उबेत वाढत नाहीत. प्रत्येक नळीतले थोडे दोन प्लेटांवर लावू, एक गार कपाटात, एक उबदार कपाटात. बाई म्हणाल्या, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "मावशीनं. तिची बेकरी आहे." बाई म्हणाल्या, "मग हे मला सुचायच्या आधी तिला सुचलं, हे तिला कळवू नकोस." मी कळवतो आहे.

तर दोन दिवस प्लेटांची राखण केली. गार कपाटात अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस उगवल्या. उबदार कपाटात पंचवीस उगवल्या आणि तेवीस नाहीत.

चोवीस-चोवीस हव्यात, मावशी. एक बिघडलेली कमी पडते.

बाईंनी दार लावून घेतले. "हे बघ. एक तर तुझ्या हातून दोन नळ्यांची सरमिसळ झाली, नाहीतर वही चुकलीय, नाहीतर यांच्यातली एक बिघडलेली असूनही उबेत वाढायला शिकलीय. पहिलं असेल तर हे सगळं खोकं मी टाकून देणार. खरं सांग. एकही झाकण उघडलं होतंस?"

मी म्हणालो, "नाही. एक नळी बाहेर काढायची, लेबल काढायचं, लावायचं, तिच्याच भोकात परत ठेवायची, मग दुसरी. एका वेळी माझ्या हातात एकाहून जास्त नळ्या कधीच नव्हत्या."

"करून दाखव."

त्यांनी रिकाम्या नळ्यांचे खोके दिले. मी सुरुवात केली. त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या. एक, दोन, तीन. क्रम चुकला नाही. बाराव्या नळीला त्या म्हणाल्या, "बस." आणि उगवलेल्या पंचवीसही नळ्यांतला तो भाग, म्हणजे डीएनएचा तेवढा तुकडा, अक्षर-अक्षर वाचून आणायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. आठवडा लागेल. त्यात चोविसावी बिघडलेली सापडली तर माझे म्हणणे खरे. नाही सापडली तर मी फक्त दोन नव्हे, किती नळ्यांची वाट लावली हे कुणालाच कधी कळणार नाही.

शिफारसीचे कागद त्यांच्या टेबलावर कोरे पडलेले आहेत. मी ते बघितले नाहीत, फक्त दिसले.

तुझा


२३ एप्रिल

पंतोजी,

लिफ्ट वर-खाली नेणाऱ्या बाई! मला त्यांना भेटायचंय.

तू खरं बोललास, तर मीही बोलते. तुझी जागा मोकळी नाही. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात माणूस घेतला. मळतो चांगला, गातो वाईट. तुला "एक मेपर्यंत ठेवते" लिहिलं, कारण मागे भिंत आहे म्हटलं की माणूस जरा सरळ उभा राहतो. भिंत नव्हती रे, कापडाचा पडदा होता.

आता तू म्हणशील, मावशीनंही लेबल बदललं. बदललं. आणि विचारलं नाही. रागव.

बाकी त्या नळीचं काहीही होवो. दाराला कडी घालून कुणी "करून दाखव" म्हणतं आणि तू करून दाखवतोस, एवढं मला पुरे. पुढच्या आठवड्यात घरी आलास तर मळायला जागा नाही, जेवायला आहे.

मावशी

ता. क. काका विचारतात, ती नळी उगवली का. पत्र आल्यापासून रोज विचारतात. त्यांचं इतकं बोलणं मी लग्नानंतर ऐकलेलं नाही.


२ मे

प्रिय मावशी,

आधी काकांना सांग: सापडली.

पंचवीसपैकी चोवीस धडधाकट निघाल्या. पंचविसावीत, तिसऱ्या ओळीतल्या सातव्या नळीत, तो भाग बिघडलेलाच आहे, अगदी बाकीच्या तेवीस जणींसारखा. तरीही ती उबेत वाढते. चोवीस आणि चोवीस. सरमिसळ झालीच नव्हती.

बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. आधी नेहमीच्या बिघडलेल्या दाखवल्या, उबेत ठेवलेल्या, सगळ्या डमरू. मग ही. आई वेगळी, मुलगी वेगळी. बाई माझ्या मागे उभ्या राहून म्हणत होत्या, "हिचा फॉस्फटेज कामातून गेलाय, मग खुणा कोण काढतंय? दुसरं कुणीतरी काढतंय! कोण?" चष्मेवाल्या ताई नाचायला लागल्या, तर बाई म्हणाल्या, "एवढ्यात नाचू नका, कदाचित काहीच नसेल." पण स्वतः त्यांनी त्या दिवशी चहात दोनदा साखर घातली आणि प्यायल्याही.

तुझ्या पडद्याबद्दल. रागावायचे ठरवले होते. सकाळी रागावलो, दुपारपर्यंत टिकले नाही. त्या गाणाऱ्या माणसाला म्हणावे, भट्टीजवळचे टेबल डावीकडून हलते, खाली पुठ्ठा लाव.

आता तीस तारखेचे. बाईंनी शिफारस लिहिली. त्यात लेबलांचा प्रकार पहिल्याच परिच्छेदात आहे, स्पष्ट, आणि लिफ्टचाही आहे. शेवटी लिहिले आहे की हा माणूस आपली चूक दुसऱ्याला सापडायच्या आधी आणून देतो, असा मला हवा आहे. मला ते वाचायला दिले. मी वाचले. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा होता. मी काही बोललो नाही.

परवा कार्यालयात बोलावणे आले. तिथले कारकून म्हणजे जाड काचेच्या चष्म्याचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी नेमणुकीचा आदेश पुढे सरकवला. माझे नाव बरोबर होते. तारीख बरोबर होती. त्याखाली पद: "प्रयोगशाळा सहाय्यक (कायम)".

मावशी, 'सहायक' असते, किंवा 'साहाय्यक' असते. 'सहाय्यक' असे काही नसते. मी त्या शब्दाकडे बघत राहिलो.

कारकून म्हणाले, "नीट वाचून घे हां. काही चूक असेल तर आत्ताच सांग. कागद परत वर जाईल, नव्या सह्या होतील. मागच्या वेळी एकाचे तीन महिने गेले."

मी पेन उघडले. बंद केले. पुन्हा उघडले.

"काय रे? पद बरोबर आहे ना?"

खोटे मला बोलता येत नाही, हे आता या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, "पद माझंच आहे." आणि सही केली.

तुझा
प्रयोगशाळा सहाय्यक